दोन हजार ब्याण्णव टप्पे

एसटीत टप्पा सहा किलोमीटरचा. भाडं टप्प्यावर, वाहकाच्या वेबिलातला हिशेब टप्प्यावर. आधी वाहक आणि मग वाहतूक नियंत्रक अशी चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या आगारांत काढल्यामुळे कुठलंही अंतर कानावर पडलं की आधी त्याला सहाने भागायचं, ही खोड अंगात मुरलेली. लेकीने २०१८च्या मे महिन्यातली अमेरिकेची तिकिटं पाठवली तेव्हा फोनलाच विचारून घेतलं. मुंबई ते न्यूयॉर्कशेजारचं न्यूअर्क, विनाथांबा, साधारण १२,५५० किलोमीटर. भागिले सहा. २,०९१ टप्पे आणि वर चार किलोमीटर. अर्धवट टप्प्याचंही भाडं पुरं घ्यायचं, म्हणजे झाले २,०९२.

"आपला पास तिकडे चालत नाही, एवढं लक्षात ठेवा," ही म्हणाली.

अंतराच्या खाली वेळही दिलेली होती. पंधरा तास पंचेचाळीस मिनिटं. ती वाचून मी हसलो, कारण छापील वेळेशी माझा जुना परिचय आहे. वाहतूक नियंत्रकाची खिडकी म्हणजे काय, तर छापील वेळ आणि खरी वेळ यांच्या मधली जागा. गाडीचा रनिंग टाइम कागदावर किलोमीटर आणि वेग यांच्यावरून बसवता येतो. पण मांढरदेवीची यात्रा असेल तर वाईची गाडी त्या कागदाला जुमानत नाही. सप्टेंबरात कासला फुलं आली की रविवारी बामणोलीची गाडी परत कधी येईल ते देव जाणे. साताऱ्याहून महाबळेश्वरला मेढामार्गे जा किंवा वाईमार्गे, गाव तेच. पण पावसाळ्यात कुठल्या घाटात दरड आली यावर दिवस ठरायचा. लोक खिडकीशी येऊन विचारायचे, "साहेब, गाडी कुठवर आलीय?" मोबाइल नव्हते. मागच्या स्थानकावरून फोन आला असेल तेवढंच मला ठाऊक. मी सांगायचो, "निघालीय." खोटं नव्हतं ते. निघालेली असायचीच. पुढचं तिचं तिला.

तर पंधरा तास पंचेचाळीस मिनिटं. निवृत्त माणसाला उद्योग हवा असतो, म्हणून मी एका शाळकरी वहीत या प्रवासाची लॉगशीट लिहून काढली. घरून निघालो दुपारी दोनला. भाड्याची गाडी, चार बॅगा, त्यातली एक नुसती गोडा मसाला, मेतकूट आणि भडंग यांनी भरलेली. पुणं, द्रुतगती मार्ग, मग वाशीच्या पुलावर अडकून पडणं. विमानतळावर रांग, बॅगांची रांग, पासपोर्टची रांग, पट्टा आणि बूट काढायची रांग. रात्री दीड वाजता विमान हललं. तिकडे उतरलो त्यांच्या सकाळी पावणेआठला. पुन्हा रांगा, पुन्हा शिक्के, मेतकुटाबद्दल एका अधिकाऱ्याला हातवारे करून दिलेलं स्पष्टीकरण. लेकीच्या दारात पाय ठेवला तेव्हा तिथले सव्वादहा, म्हणजे आपल्याकडचे पावणेआठ, दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळचे. एकूण पावणेतीस तास.

आता हिशेब बघा. १२,५५० किलोमीटर पावणेसोळा तासांत. उरलेले, म्हणजे सातारा ते मुंबई आणि न्यूअर्क ते लेकीचं घर मिळून तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर, ते चौदा तासांत. ताशी बावीस-तेवीस किलोमीटर. हात केला तिथे थांबणारी आमची खेड्यापाड्यांतली साधी गाडीही याहून बरी पळते. अमेरिका लांब आहे असं जे आपण म्हणतो त्यातला निम्मा लांबपणा जमिनीवरच संपतो.

दुसरा घोळ घड्याळाचा. वहीत निघण्याची वेळ दीड आणि पोचण्याची पावणेआठ असं लिहिलं, तर प्रवास सव्वासहा तासांचा. परतीला तिथून सकाळी पावणेबाराला सुटलो आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला टेकलो. वजाबाकी केली तर साडेतेवीस तास. लॉगशीटमध्ये असं काही लिहून आणणाऱ्या चालकाला मी मेमोच दिला असता. पण जाण्यायेण्याची बेरीज केली आणि गंमत कळली. सव्वासहा आणि साडेतेवीस, एकूण पावणेतीस. खरे तास मोजले तर जाताना पावणेसोळा, येताना चौदा. तेही पावणेतीस. घड्याळाने जाताना जे साडेनऊ तास खिशात घातले ते येताना मोजून परत केले. हिशेबात पैचा फरक नाही.

फरक होता तो दुसरीकडे. पावणेसोळा आणि चौदा. गाडी तीच, अंतर तेच, मग येताना पावणेदोन तास कुठे वाचले?

माझ्याबरोबर काम केलेला एक चालक, माणूस हुशार, त्याने चहाच्या टपरीवर याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. "पृथ्वी फिरतीय ना? मग विमान वर नुसतं थांबलं तरी अमेरिका आपोआप खाली येणार." ऐकायला झकास. पण तसं असतं तर जाताना वेळ कमी लागायला हवा होता, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते आणि आपण पश्चिमेला चाललेलो असतो. झालं उलटंच. मी त्याला म्हटलं, चालत्या गाडीत वाहक तिकिटं फाडत उभा असतो. खड्डा आला, गाडी उसळली, वाहक वीतभर वर उडाला. खाली कुठे येतो? होता तिथेच येतो, मागच्या शिटावर जाऊन पडत नाही. गाडीचा वेग त्याच्या अंगात असतोच. तसा पृथ्वीचा वेग हवेच्या आणि विमानाच्या अंगात असतोच.

खरं कारण वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, मधल्या अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि जबर पट्टे वाहतात. जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. विषुववृत्ताकडची ऊब आणि ध्रुवाकडची थंडी यांतल्या फरकातून ते जन्मतात आणि पृथ्वीच्या फिरण्याने पूर्वेकडे वळतात. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण टपरीवर सांगितला तसा नाही. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा तर तिथे नेहमीचाच, हिवाळ्यात त्याहून जास्त. फेब्रुवारी २०२०मध्ये एका वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं होतं. एरवी सहा-साडेसहा तासांची फेरी.

हे वारे पहिल्यांदा नीट मोजणारा माणूस जपानी होता. वासाबुरो ओइशी. १९२०च्या दशकात त्याने तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडसोडून त्यांचा वेग टिपला. जगाला कळावं म्हणून त्याने आपला अहवाल जपानीत न छापता एस्पेरांतोत, म्हणजे साऱ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या पण फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत छापला, आणि म्हणून जगाला तो कळला नाही. पुढे १९४४मध्ये जपानवर बाँब टाकायला आलेली अमेरिकन विमानं उंचावर त्याच वाऱ्यात सापडली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना नवल वाटलं. सरकारी परिपत्रकं फार शुद्ध भाषेत काढली की काय होतं हे मी चौतीस वर्षं पाहिलंय, त्यामुळे ओइशींबद्दल मला विशेष जिव्हाळा.

समोरच्या शिटाच्या पाठीवरच्या पडद्यावर वेग दिसतो. जाताना मी वहीत टिपलेले आकडे आठशे वीस, आठशे चाळीस असे आहेत. येताना नऊशे नव्वद, एक हजार दहा. चढाची गाडी आणि उताराची गाडी, दुसरं काही नाही. पुण्याला जाताना आपण खंबाटकीच्या बोगद्यातून जातो आणि येताना घाट चढून येतो. त्यामुळे जाण्यायेण्याचा वेळ सारखा नसतो हे कुठल्याही सातारकराला समजावून सांगावं लागत नाही.

पडद्यावरचा नकाशा मात्र सुरुवातीला काही केल्या पटेना. मुंबई खाली डाव्या हाताला ठेवून विमान निघालं ते सरळ वर. मला वाटलं होतं अरबस्तान, मग आफ्रिकेचं डोकं, मग अटलांटिक. भिंतीवरच्या नकाशात पट्टी लावली तर तसंच येतं: सौदी, इजिप्त, अल्जीरिया आणि पुढे पाणीच पाणी. इथे तर कास्पियन समुद्र आला, मग मॉस्को हे नाव दिसायला लागलं. शेजारी ही झोपलेली. तिला उठवून सांगावं की आपण चुकलो, असं एकदा मनात येऊन गेलं.

परत आल्यावर शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल मागून आणला. पुडीचा दोरा घेतला. एक टोक मुंबईवर, एक न्यूअर्कवर, आणि ताणून धरला. दोरा आपोआप वर सरकला. सिंधवरून अफगाणिस्तान, मॉस्कोच्या जवळून, फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधल्या आखातावरून, आइसलंडच्या अंगावरून, ग्रीनलंडच्या अगदी दक्षिणेच्या टोकाला घासून, लाब्राडोरमार्गे खाली. सगळ्यात वर गेला तो ६५ अंशांपर्यंत. उत्तर ध्रुववृत्त तिथून दीड अंशावर. दोऱ्याची लांबी भरली एक वीत चार बोटं. मग भिंतीवरच्या नकाशातली सरळ वाट त्याच गोलावर पेनाने ठिपके देत काढली आणि तिच्यावर दोरा धरला. एक वीत चार बोटांचा दोरा पुरेना. पेराहून थोडं जास्तच कमी पडलं. हिशेबाने ती वाट १४,२०० किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे सरळ दिसणाऱ्या रस्त्याने सुमारे १,७०० किलोमीटरचा फेरा. भिंतीवरचा नकाशा १५६९ सालच्या मर्केटरच्या धाटणीचा. तो जहाजांसाठी केलेला: होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून चाललं की नकाशावर रेघ सरळ यावी, एवढंच त्याचं कसब. रेघ सरळ येते. आखूड येत नाही.

शेजारच्या मुलाने गोलावरचे पेनाचे ठिपके बघितले आणि तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

त्या ६५ अंशांच्या आसपास मी जे पाहिलं ते मात्र कुठल्याही वहीत मावत नाही. खिडक्यांचे पडदे खाली ओढायला लावतात, सगळे झोपलेले. मी पडदा दोन बोटं वर करून बघत होतो. मॉस्को ओलांडल्यावर उजाडलं. सूर्य क्षितिजाच्या जरासा वर, तांबूस. बरं, आता वर चढेल म्हणून मी दर पंधरा मिनिटांनी बघतोय, तर तो तिथेच. तासाभराने तिथेच. दोन तासांनी तिथेच. चहा आला, गेला, सूर्य हलायला तयार नाही. नंतर गणित केलं. पृथ्वी ताशी पंधरा अंश फिरते. इतक्या उत्तरेला रेखांशांमधलं अंतर आक्रसून जातं, आपल्याकडे एका अंशाला शंभराहून जास्त किलोमीटर आणि तिथे जेमतेम पन्नास. त्यामुळे आठशे-साडेआठशेच्या वेगाने पश्चिमेला जाणारं विमान ताशी सोळा-सतरा अंश कापतं. सूर्य जेवढा पुढे सरकतो तेवढेच आपण मागे. जणू दोन गाड्या शेजारी शेजारी, एकाच वेगात, आणि खिडकीतून समोरच्या गाडीतला तोच माणूस दिसत राहतो. चारेक तास सकाळच. ही उठली, बाहेर बघितलं आणि विचारलं, "किती वाजले?" खरंच, किती वाजले म्हणून सांगायचं?

त्या विमानाची टाकी जवळपास एक लाख ऐंशी हजार लिटरची असते. आमच्याकडे दहा लिटरला किती किलोमीटर पडले यावर चालकाची इज्जत ठरायची. इथे दहा लिटरला एक किलोमीटरही पडत नाही. चालकांच्या दोन जोड्या असतात, एक चालवते तेव्हा दुसरी छताजवळच्या कप्प्यात झोपते. हे कळल्यावर मला आमच्या मुक्कामी गाड्या आठवल्या. रात्री शेवटच्या गावाला गाडी लावायची, चालक-वाहकांनी गाडीतच नाहीतर देवळाच्या ओवरीत पडायचं, पहाटे पाचला पहिली फेरी. गाव चांगलं असेल तर कुणीतरी आमटी-भाकरी आणून द्यायचं. छताजवळच्या कप्प्यात आमटी कोण आणून देणार?

एक योगायोग मला फार आवडतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला सुटली. बरोबर आठवड्याने, ८ जून १९४८ला, एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हामार्गे. आठवड्याच्या अंतराने याच राज्यातून दोन मार्ग सुरू झाले. एकाचे टप्पे वीस, दुसऱ्याचे हजाराच्या वर. न्यूयॉर्क यायला मात्र १९६० उजाडलं, बोइंग ७०७ आल्यावर, आणि तेही लंडनमार्गेच.

'मार्गे' हा शब्द आम्हा लोकांच्या फार जिव्हाळ्याचा. पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत असतो, पण सगळं भांडण त्याच्यावरूनच होतं. विमानांचंही तेच. फेब्रुवारी २०१९मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते जुलैपर्यंत. २०२२पासून युरोप-अमेरिकेच्या विमानांना रशियाचं बंद. एप्रिल २०२५पासून भारतीय विमानांना पुन्हा पाकिस्तानचं बंद. गोलावरचा माझा दोरा आता तिसऱ्याच देशाला वळसा घालून न्यायचा, कुठे वाटेत उतरून इंधन भरायचं. दरड पडल्याशिवाय घाट बंद होतो हे आमच्या खात्यात कधी पाहिलं नव्हतं.

लेक न्यूअर्कपासून पाऊण तासावर राहते. एका रविवारी गाडीतून जाताना रोझेल अशी पाटी दिसली आणि मी जावयांना गाडी जरा हळू घ्यायला सांगितली. विमानतळापासून दहाएक किलोमीटरवरचं हे गाव. इथे थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई राहत होत्या. दंतवैद्याकडे बसल्या बसल्या त्यांनी एका मासिकात गोपाळराव जोशींचं पत्र वाचलं, आपल्या बायकोला शिकायला अमेरिकेत पाठवायचं आहे असं सांगणारं, आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. त्यांच्या बदल्या अलिबाग, कोल्हापूर, भूज अशा होत गेल्या आणि पत्रं मागोमाग फिरत राहिली. १८८३च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय निघाल्या. वय अठरा. आगबोटीने लंडन, तिथून दुसऱ्या बोटीने न्यूयॉर्क. पोचल्या तेव्हा जून लागला होता. जवळजवळ दोन महिने. मी पावणेतीस तासांत आलो होतो आणि कंबर धरली म्हणून दोन दिवस झोपून होतो.

गाडी हळू झाली, झाडं आणि लाकडी घरं दिसली, बस. कार्पेंटरबाईंचं घर नेमकं कुठे, हे आम्ही शोधलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी मात्र जावई आम्हाला पोकिप्सीला घेऊन गेले. हडसन नदीच्या काठाने उत्तरेला दोनेक तास. तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर घराण्याच्या जागेत आनंदीबाईंचा दगड आहे. १८८६च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या, ऑक्टोबरात परत निघाल्या, नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या क्षयाने खंगलेल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती झाली. गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. म्हणजे ती वाट आनंदीबाईंनी तीनदा केली. दोनदा तिकीट काढून, तिसऱ्यांदा टपालखात्यातल्या माणसाने पाठवलेलं पार्सल होऊन. दगडावर नाव, एम. डी. आणि दोन सालं. हिने पर्समधून हळदी-कुंकवाची पुडी काढली, मग इकडेतिकडे बघून तशीच परत ठेवली. "चालेल का इथे कोण जाणे," म्हणाली. लेक म्हणाली, "अगं चालेल." पण तोवर आम्ही गाडीकडे वळलो होतो.

घरी स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत. एक आपलं. दुसरं मला निरोप समारंभात मिळालेलं, ते हिने लेकीच्या वेळेवर लावून ओट्यावर टांगलंय. उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात हे आम्हाला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं, आणि आम्ही सकाळचे साडेसहा समजून पहाटे साडेपाचला फोन लावून सगळं घर उठवलं, तान्ह्या नातीसकट. लेक काही बोलली नाही. जावई म्हणाले, "बाबा, तुमची गाडी बिफोर टाइम आली." मला खात्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. दोन वेळांचं हे प्रकरण आपल्याकडे तसं नवं नाही. मुंबईची स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होती आणि ती १९५५पर्यंत चालली. लोक एकोणचाळीस मिनिटांवरून भांडले. आम्ही साडेदहा तास ओट्यावर टांगून घेतलेत.

गेल्या डिसेंबरात लेक आणि नात आल्या, फ्रँकफर्टला विमान बदलून. न्यूअर्क ते फ्रँकफर्ट साधारण ६,२०० किलोमीटर, तिथून मुंबई ६,६०० च्या आतबाहेर. दोन्ही मिळून सरळ वाटेपेक्षा फक्त अडीचशे किलोमीटर जास्त, चाळीस-बेचाळीस टप्पे. वेळ मात्र चार-पाच तासांनी वाढला. याचं कारण मला कुणी सांगायला नको. मधला थांबा.

हल्ली फोनवर विमान दिसतं. पिवळं, इवलंसं, नकाशावर किड्यासारखं सरकत असतं. रात्री जेवणं झाल्यावर मी ते उघडून ओट्याशी बसलो. ही भांडी आवरत होती.

"कुठवर आलीय?"

"निघालीय," मी म्हणालो. जिभेची सवय. मग चष्मा लावून बघितलं. तुर्कस्तान सुटलं होतं. उंची अकरा किलोमीटर, वेग नऊशे साठ.

"मग पोचणार कधी? बंब कधी पेटवू ते सांगा. पोरीला आल्या आल्या कढत पाणी लागतं."

मी वही काढली. विमान एक वाजून दहा मिनिटांनी टेकणार. शिक्के, बॅगा, अडीचला बाहेर. त्या वेळेला द्रुतगती मार्ग मोकळा. पाच-सव्वापाचला पुणं, शिरवळ सहाच्या आत.

"एक दहाला विमान टेकेल, हे लिहून देतो," मी म्हणालो. "पुण्यापर्यंतचंही देतो. खंबाटकीचं सांगता येत नाही."

तिने ओट्यावरचं घड्याळ बघितलं, मग भिंतीवरचं.

"साडेसहाला पेटवते," ती म्हणाली.